थोरलीची वर्षे

खंडाळा तालुक्यातल्या नायगावात आज सकाळपासून माणसांची रीघ लागली असेल. ३ जानेवारी १८३१ रोजी इथल्या नेवसे पाटलांच्या घरात सावित्रीबाईंचा जन्म झाला. महाराष्ट्र हा दिवस बालिका दिन म्हणून पाळतो. साताऱ्यात, सांगलीत, कराड-विट्यात, थेट जतच्या टोकाच्या वस्तीवरच्या शाळेतही आज लहान मुली नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून धीटपणे भाषणे करतील. भिडेवाड्यातली शाळा, अंगावर आलेले शेण, पिशवीत जपलेले दुसरे लुगडे हे सगळे त्यांना तोंडपाठ असते, आणि ते असायलाच हवे. या भाषणांत एक नाव मात्र क्वचितच येते. ते सगुणाबाई क्षीरसागर यांचे.

सावित्रीबाईंचे पती जोतीराव फुले तान्हे असतानाच त्यांच्या आई चिमणाबाई वारल्या. वडील गोविंदरावांनी दुसरा संसार मांडला नाही. त्या पोरक्या मुलाला न्हाऊमाखू घातले, भरवले, दुखण्याखुपण्यात उशाशी बसून काढले ते नात्यातल्या सगुणाबाईंनी. त्यांना लहान वयातच वैधव्य आले होते. जोतीराव त्यांना आऊ म्हणत. पुण्यात एका मिशनरी साहेबाकडे त्या मुले सांभाळण्याचे काम करत. तिथे जे पाहिले-ऐकले त्यातूनच जोतीबाला शिकवायचे हा त्यांचा आग्रह पक्का झाला, असे चरित्रकार सांगतात. पुढे जोतीराव स्वतः शिकवायला बसले तेव्हा त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींत सावित्रीबाईंच्या शेजारी सगुणाबाईही होत्या.

आजच्या दिवशी हे आवर्जून आठवावे असे आहे. जिने आपल्याला वाढवले तिचे पांग फेडायला जोतीरावांनी तिला लुगडे-चोळी केली असती, म्हातारपणी दोन घास सुखाने घातले असते, तरी लोकांनी नाव काढले असते. त्यांनी तिच्या हातात पाटी दिली. दुसऱ्याचे मूल वाढवण्यात जिची वर्षे गेली, तिला शिकण्याची वर्षे परत मिळाली पाहिजेत हे त्यांना कळले होते.

सातारा-सांगलीच्या गावांत आजही अशा सगुणाबाई घरोघर आहेत. सोळा-सतरापासून बाविशीपर्यंतच्या या मुली. कुणाची थोरली बहीण, कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाची चुलत ताई. घरातली आणि शेजारची कच्चीबच्ची त्यांच्या हवाली करून आया कामाला जातात. या कामाची नोंद कुठल्या वहीत होत नाही, त्याला मजुरी नाही, आणि त्यापायी गेलेल्या वर्षांचा हिशेबही कुणी मागत नाही. तो हिशेब मागायला आजच्याइतका योग्य दिवस दुसरा नाही.

जानेवारीत या पट्ट्यात कामाला उसंत नसते. कारखान्यांचे गाळप भरात असते. तासगाव, मिरज, पलूसकडे द्राक्षाची काढणी सुरू होते, हळद काढणीला आलेली असते, उरलेल्या रानात भांगलण चालू असते. सातच्या सुमारास टोळीचा टेम्पो वेशीत येऊन हॉर्न देतो. डोक्याला फडके गुंडाळत, डबा पिशवीत कोंबत बाया निघतात. त्याच वेळी गल्लीतल्या एका उंबऱ्याशी मुले जमू लागतात. थोरल्या भावाचे दीड वर्षाचे बाळ, शेजारच्या वहिनीची तीन वर्षांची पोरगी, चुलत्याचा पाच वर्षांचा मुलगा. “ताई, जरा ध्यान दे गं हिच्याकडं, रातीला अंग गरम हुतं,” एवढे सांगून वहिनी टेम्पोकडे पळते.

त्यापुढचे दहा तास कुणी जवळ बसून पाहावेत. जुन्या सुती लुगड्याची झोळी ती तुळईला बांधते, दोन्ही गाठींना लोंबकळून आपला भार देऊन बघते आणि मगच बाळ आत ठेवते. मऊ शिजलेला भात वरणाच्या पाण्यात चोळून भरवते. घास केवढा असावा हे तिच्या बोटांना ठाऊक असते. तापाच्या औषधाचे मापाचे झाकण तिने खिडकीत वेगळे जपून ठेवलेले असते, कारण चमच्याने घातलेले औषध कमी-जास्त होते हे तिला गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी एकदा सांगितले होते. रडण्याच्या आवाजावरून भूक, झोप, पोटदुखी आणि हट्ट हे चारही तिला वेगवेगळे ओळखू येतात. तीन वर्षांच्या पोरीला अंगणवाडीत पोचवायचे आणि आणायचे, तेव्हा बाळ कडेवर असते. दुपारी एक डोळा मिटते तोवर दुसरे उठते. मधल्या फटीत भांडी, पाणी, वाळत घातलेल्या डाळीची राखण. बारावीचे अकाउंट्सचे पुस्तक फळीवरून खाली येते ते दिवेलागणीनंतर, आणि तोवर तिच्याही पापण्या जड झालेल्या असतात.

हे काम कौशल्याचे आहे, जोखमीचेही आहे. पुण्या-मुंबईत याच कामासाठी पाळणाघरे महिन्याकाठी पैसे घेतात आणि नोकरी करणारे आईबाप ते बिनतक्रार देतात, कारण मूल सुरक्षित असल्याशिवाय नोकरी होत नाही हे तिथे सर्वांना मान्य आहे. द्राक्षबागेतली आणि हळदीच्या रानातली मजुरीही मूल सुरक्षित असल्याशिवाय होत नाही. फरक इतकाच, की इथे ती किंमत एका मुलीच्या वेळेतून वळती होते.

ही मुलगी या कामाला का जुंपली जाते, याचे उत्तर तिच्या आईबापांच्या काळजात शोधू नये. ते घड्याळात आणि सरकारी नियमांत सापडते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिने गावोगाव अंगणवाडी पोचवली. देशाने लहान मुलांसाठी उभारलेली ही सर्वांत मोठी व्यवस्था आहे आणि तिचे मोल फार मोठे आहे. पण तिची रचना पाहावी. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला तिथून पोषण आहाराचे पाकीट घरी मिळते. मूल मात्र घरीच राहते. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत बसते ते दिवसातले काही तासच. टेम्पो येतो तेव्हा ती उघडलेली नसते, टेम्पो परततो त्याच्या कितीतरी आधी ती बंद झालेली असते. आईच्या मजुरीचे तास आणि अंगणवाडीचे तास यांच्या मधली सगळी जागा कुणीतरी भरून काढावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर सगळा दिवसच भरावा लागतो.

आजी असते ना घरात, असे म्हटले जाते. पण साठीतली आजीही आज भांगलणीला जाते, कारण दोन मजुऱ्यांवर घर चालत नाही. पाटण-जावळीचे पुरुष माथाडी कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला राहिले. खानापूर-आटपाडीचे गलाई कामगार सोन्या-चांदीच्या भट्ट्यांपाशी देशभर पांगले. साताऱ्याच्या गावागावांतून फौजेत गेलेले बाप वर्षातून एकदा सुट्टीवर येतात. घरात ज्याचा वेळ मागायला कुणाची परवानगी लागत नाही असे एकच माणूस उरते. ती थोरली. तिच्या पाठचा वीस वर्षांचा भाऊ पहाटे पाचला उठून भरतीच्या अकॅडमीत धावायला जातो. त्याचे स्वप्न घराने आपले मानले आहे, त्यासाठी फीही भरली आहे. तिचीही पोलीस भरतीची इच्छा असते. पण बाळ कुणाकडे ठेवायचे, हा प्रश्न घरात फक्त तिच्या बाबतीत विचारला जातो.

याची किंमत हळूहळू चुकती होते, म्हणून ती दिसत नाही. पहिल्या वर्षी कॉलेजमधली हजेरी कमी पडते. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिके बुडतात. मग कुणीतरी सुचवते, कॉलेज सोड, १७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा दे. फॉर्म भरला जातो. अभ्यासाला वेळ मिळत नाही तो नाहीच. एक विषय राहतो. शिक्षण थांबले की स्थळे येऊ लागतात, आणि पोरीला लहान मुलांचे सगळे करता येते हा त्या वेळी तिचा गुण म्हणून सांगितला जातो.

सरकारने मुलींच्या वाटेतले पैशाचे अडथळे बऱ्याच अंशी दूर केले, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. खेड्यातून शाळेला जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास आणि दुर्बल घटकांतल्या घरांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने २१ वर्षांपुढच्या बायकांच्या खात्यात पैसे जमा केले. पण ज्या वयात शिक्षण हातचे जाते ते वय एकविशीच्या आधीचे, आणि जी गोष्ट कमी पडते ती वेळ. फी माफ झाली तरी सकाळी सात ते संध्याकाळी पाच हे तास तिचे तिला परत मिळाले नाहीत.

साताऱ्याने या आधी एकदा असाच नेमका अडथळा ओळखला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. शाळा असूनही खेड्यातले पोर शिकत नाही ते राहण्या-जेवणाची सोय नाही म्हणून, हे त्यांनी हेरले आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे केले. त्या पोरांना दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे सोने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. त्याही एका अर्थाने परक्यांची मुले बिनमोल सांभाळत होत्या, आणि रयतेची पहिली पिढी त्यांच्या हातचे खाऊन शिकली. भाऊरावांनी मुलांना जिद्दीचे धडे देऊन भागवले नाही. भाकरीची सोय केली. आज थोरलीला जिद्दीवर व्याख्यान देऊन भागणार नाही. तिच्या कडेवरच्या बाळाची सोय करावी लागेल.

याच जिल्ह्यांत या प्रश्नाचे आणखी कठोर रूप हंगामापुरते वस्तीला येते. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, सोलापूरकडून, आणि आपल्याच जतसारख्या तालुक्यातून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पहाटेच्या अंधारात दोघेही फडात जातात. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीपाशी, उरते ती पोरगी. ती नेहमी अठरा वर्षांचीही नसते. कधी बारा-तेराचीच असते. धाकट्या भावाला पाठुंगळी मारून ती पाणी भरते, चूल पेटवते, कोपीपुढच्या वैरणीकडे लक्ष ठेवते. शिक्षण हमी पत्रक, साखरशाळा, गावाकडची हंगामी वसतिगृहे अशा योजना आल्या. पण शाळकरी मुलाला शाळेत बसवणारी योजना तान्ह्या मुलाचे काय करायचे ते सांगत नाही, आणि म्हणून थोरली शाळेबाहेरच राहते. २०१६ च्या सुधारित बालकामगार कायद्याने घरच्या कामात शाळेची वेळ सोडून मदत करायला मुलांना मुभा ठेवली. भावंड सांभाळणे तर कुणाच्या लेखी कामच नाही, त्यामुळे त्याचे तास मोजायला कुणी कोपीवर येत नाही.

१८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. गरीब शेतकऱ्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण गुरे राखायला आणि शेतातल्या कामाला ती घरी हवी असतात. नुसत्या शाळा काढून चालणार नाही, या घरांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसांचे साहाय्य दिले पाहिजे, असे त्यांनी सुचवले होते. गरिबाच्या घरात मुलाच्या वेळेला किंमत असते, आणि ती किंमत कुणीतरी उचलल्याशिवाय मूल मोकळे होत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

देशाच्या पातळीवर हा वेळ आता निदान मोजला जाऊ लागला आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या सुमारे ४१ टक्के स्त्रिया दिवसाचा काही वेळ घरातल्यांची देखभाल करण्यात घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटे जातात, पुरुषाचे ७४. ही सरासरी आहे. तीन मुले ओट्यावर बसवून दिवस काढणारी सतरा वर्षांची मुलगी या सरासरीत विरून जाते.

या कामाला काम म्हणायचे की नाही, याचा निकाल कायद्याने एकदा दिलेला आहे, आणि त्याचे मूळ आपल्याच मातीत आहे. सांगली जिल्ह्याचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना साठच्या दशकात तासगाव तालुक्यात राबवून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्याला तारून गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने ती उचलली. त्या केंद्रीय कायद्यात एक कलम घातले गेले. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा त्याहून अधिक मुले असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. माती उपसणे आणि झाडाखाली मुले सांभाळणे यांचा एकच दर धरला गेला. मग तेच काम गल्लीतल्या ओट्यावर एखादी मुलगी करते तेव्हा तिचा दिवस फुकट कसा ठरतो?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मनापासून येतो म्हणून त्याला मनापासून उत्तर दिले पाहिजे. घरच्या मायेचा असा भाव करायचा का? बहिणीने भावाला सांभाळले तर त्याचे पैसे मोजायचे का? आमच्या घरांची वीण अशानेच उसवेल, असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात एक मोठे सत्य आहे. ताईच्या मांडीवर वाढलेल्या मुलाला जे मिळते ते कुठलेही पाळणाघर देऊ शकणार नाही. कित्येक मुलींना त्या मुलांचा खरोखर लळा असतो, आणि मूल वाढवण्याची ही विद्या त्यांना आयुष्यभर पुरते. सावित्रीबाईंनी तरी काय केले? १८६३ मध्ये सुरू झालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या मुलांचे त्यांनी केले, त्यांतल्याच यशवंताला पोटाशी धरले, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना त्याच साथीने त्यांना ओढून नेले. मूल सांभाळणे त्यांनी कधी हलके मानले नाही.

पण त्यांनी ते स्वतः होऊन पत्करले होते. मायेला किंमत लावू नये हे खरे; तशीच मायेच्या नावाखाली कुणाची वर्षेही घेऊ नयेत. आपल्या गावांत पैरा ही जुनी रीत आहे. आज तुमच्या रानात माझे माणूस राबले, उद्या माझ्या रानात तुमचे. एका दिवसाला एक दिवस, पैशाचा व्यवहार नाही, आणि तरीही कुणाचा दिवस बुडत नाही. मायेने आणि शेजारधर्माने चालणाऱ्या या रीतीतही हिशेब असतोच, आणि त्यानेच ती टिकली आहे. थोरली मात्र सगळ्या गल्लीचे दिवस सांभाळते आणि तिचा दिवस कुणी फेडत नाही. तिला पैऱ्यात धरा, एवढेच मागणे आहे. ज्या वहिनीचे मूल ती सांभाळते त्या वहिनीने कॉलेजच्या दिवशी तिला मोकळे करावे. भावाने अकॅडमीतून आल्यावर दुपारचे दोन तास बाळ घ्यावे. या भागातली तरुण पोरे गणपती मंडळासाठी रात्री जागवतात, पुराच्या वेळी अख्खी गावे हलवतात. भाच्याला भरवणे त्यांना जमणार नाही असे समजायचे काहीच कारण नाही. जी पोरे हे करतात, आणि ती आहेत, त्यांना गल्लीने हसू नये.

घराने आपला वाटा उचलला तरी उरलेला भार गावाचा आणि सरकारचा आहे. त्याची वाट महाराष्ट्राने पूर्वीच पाडून ठेवली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम सुरू केले. थोरली मुले शाळेत येईनात, कारण कुणाच्या कडेवर धाकटे भावंड होते, कुणी गुरांमागे गेलेले होते. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरली पलीकडच्या वर्गात बसू लागली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणवाडीची कल्पनाही त्याच प्रयोगांतून वर आली. पुढे देशाने अंगणवाडी घेतली, पण पाळणा तिथेच राहून गेला.

कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे २०२० पासून महापालिकेने जवळपास हेच केले. वस्तीतल्या एकाच ठिकाणी मुलांना, आजाऱ्यांना, वृद्धांना सांभाळायची सोय केली आणि त्यांना सांभाळण्यात जिचा दिवस जात होता त्या बाईला तिथेच शिकायची, काम शोधायची, विसावा घ्यायची जागा दिली. कोसबादचा विचार कित्येक दशकांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला एका महानगराला सुचला. आपल्याला तर तो शोधायचीही गरज नाही.

तेव्हा करता येण्यासारखे काय आहे, ते स्पष्ट मांडतो. केंद्राच्या मिशन शक्तीखालील पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांनी द्राक्ष, हळद आणि ऊस पट्ट्यांतल्या गावांसाठी ती आग्रहाने मागावी, आणि हंगामाच्या महिन्यांत तिचे तास मजुरीच्या तासांशी जुळवावेत. तिथे काम करणाऱ्या बाईला पूर्ण मोबदला मिळावा. अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी डिसेंबर २०२३ मध्ये संप पुकारला आणि तो ५२ दिवस चालला, तो मानधनावर दिवस काढणे अशक्य झाले म्हणून. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. थोरलीचा भार उचलून तो सेविकेच्या तुटपुंज्या मानधनावर टाकला, तर एका बाईचे ओझे दुसरीच्या डोक्यावर गेले एवढेच होईल.

साखर कारखान्यांवरची जबाबदारी वेगळी आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय राज्याने केला. त्या पैशातला ठरावीक भाग कोप्यांजवळच्या पाळणाघरांवर खर्च होतो की नाही, हे दरवर्षी जाहीर व्हावे. सातारा-सांगलीचे सहकारी कारखाने शाळा, महाविद्यालये, दवाखाने चालवतात; ही त्यांची कमाई मोठी आहे. आपल्या फडातल्या ऊसतोड बाईच्या तान्ह्यासाठी एक सावलीची खोली, पाणी आणि पगारी सांभाळणारी बाई देणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलावा. ज्या मुली मुलांच्या देखभालीपायी गैरहजर राहतात त्यांची वेगळी यादी करावी, त्यांच्यासाठी संध्याकाळची शिकवणी आणि प्रात्यक्षिकांची दुसरी तारीख ठेवावी. त्या जे काम करून शिकल्या आहेत त्याला बालसंगोपनाच्या प्रमाणपत्राची जोड मिळाली, तर ज्यांना आवड आहे त्या याच कामात पगारी उभ्या राहतील. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ आपल्या राज्यात १९८९ पासून आहे. त्याने या मुलींना समोर ठेवून अभ्यासकेंद्रे गावाच्या जवळ आणावीत.

या सगळ्याची सुरुवात गावातच होऊ शकते, आणि त्यासाठी फार वाट पाहायला नको. येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा भरतील. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते पैसे गेल्या वर्षी कशावर गेले, हा प्रश्न तिथे विचारता येतो. गावात तीन वर्षांखालची किती मुले दिवसभर कुणाच्या हवाली असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्यांपैकी कितीजणींचे शिक्षण सुटले, याची यादी आशाताई आणि सेविका यांच्या मदतीने आठवडाभरात होऊ शकते. मग पाळणाघराचा ठराव मांडावा. आणि तो मांडायला सरपंचांनी त्या मुलींनाच बोलवावे. अठरा पूर्ण होऊन मतदारयादीत नाव लागलेली प्रत्येक मुलगी ग्रामसभेची हक्काची सभासद आहे. त्या दिवशी तिच्याकडचे बाळ सभा संपेपर्यंत कुणी सांभाळायचे, ते गावातल्या पुरुषांनी आधी ठरवून ठेवावे.